‘१०० टक्के व्हॅक्यूम’ लिहिलेला पंप: शाळेत सहा महिने वापरून

आमच्या शाळेच्या व्हॅक्यूम चेंबरच्या झाकणावर एक लाल स्टिकर होतं. ‘१०० टक्के व्हॅक्यूम’. गेले सहा महिने मी हा संच आठवी ते दहावीच्या वर्गांवर वापरतेय, म्हणून आधीच सांगून टाकते: पंप चांगला आहे, शाळेनं घ्यावा असाच आहे, पण ते स्टिकर खोटं आहे. विज्ञान शिकवायच्या वस्तूवर असं काही छापू नये. मुलं छापलेलं खरं मानतात, आणि पोकळीबद्दल एकदा चुकीचं डोक्यात बसलं की काढायला वर्षं लागतात.

आधी संचात काय येतं ते. पाव एचपीचा निळा रोटरी व्हेन पंप, एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तोच. सोबत तेलाची छोटी बाटली. जाड अ‍ॅक्रिलिकचं आरपार दिसणारं नळकांडं, आतून २० सेंटिमीटर रुंद आणि तेवढंच उंच, म्हणजे साधारण सव्वासहा लिटरचं. बोटभर जाडीचं झाकण, त्याखाली सिलिकॉनची पांढरी रिंग, दोन बॉल व्हॉल्व्ह, एक काट्याचा गेज आणि मीटरभर लाल नळी. कुरिअरसकट १४,८०० रुपये पडले. पैसे माजी विद्यार्थ्यांनी जमवून दिले. माल अंबाल्याच्या एका विक्रेत्याकडून आला. शाळांच्या प्रयोगशाळेचं बहुतेक सामान तिकडूनच येतं, त्यामुळे त्यात नवल नाही.

आमची शाळा हिंगोली जिल्ह्यात, औंढा तालुक्यात. हे मुद्दाम सांगतेय, कारण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला तो यामुळेच. पंप सुरू केला, अर्ध्या मिनिटात काटा सरसर खाली गेला आणि ७२ सेंटिमीटरच्या खुणेवर थांबला. पुस्तकात पाऱ्याचा स्तंभ ७६ सेंटिमीटर. उरलेले ४ सेंटिमीटर कुठे गेले? दहा मिनिटं पंप चालवला, काटा हलेना. विक्रेत्याला फोन केला, तर तो म्हणाला, पंप जुना झाला की असं होतं. पंप खोक्यातून काढून तास झाला होता. परत पाठवायचा तर कुरिअरचा खर्च तुमचा, असंही त्यानं सांगितलं.

रात्री जेवताना उलगडा झाला. हा गेज आतला दाब मोजत नाही, आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक मोजतो. आणि ७६ सेंटिमीटर हा दाब समुद्रसपाटीचा. आमचा भाग समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच. डोक्यावरची हवा तेवढी कमी. मोबाइलमधल्या हवामानाच्या अ‍ॅपवर १०१० दिसत होतं, पण ते आकडे समुद्रसपाटीला जुळवून दाखवतात. एका सहकाऱ्याच्या फोनमध्ये दाब मोजायचा सेन्सर आहे, त्यावर ९५८ मिलिबार आले. त्याचे पाऱ्याचे सेंटिमीटर केले तर बरोबर ७२. काटा खरं बोलत होता. तोरिचेल्लीनं १६४३ साली पाऱ्याची नळी उलटी करून जे दाखवलं, तेच आमच्या टेबलावर घडत होतं: पंप हवा ओढून घेत नाही, बाहेरची हवा किती जोरानं दाबते तेवढंच आपल्याला दिसतं. घाटावरच्या कुठल्याही शाळेत हा संच घेतलात तर काटा ७६ला जाणार नाही. घाबरू नका आणि पंप परतही पाठवू नका.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितलं, झाकण उचलून दाखवा. दहावीतली दोन दांडगी मुलं पुढे आली, नळकांड्यासकट सगळं उचललं, पण झाकण सुटेना. मग फळ्यावर गणित केलं. झाकणाचं आतलं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, त्यावर बाहेरच्या हवेचा भार सुमारे ३०० किलो. आमच्याकडे हळदीचं पोतं ५० किलोचं धरतात. म्हणजे एवढ्याशा झाकणावर सहा पोती हळद रचलेली. जर्मनीतल्या मॅग्डेबर्गच्या ऑटो फॉन गेरिकेनं सतराव्या शतकात तांब्याचे दोन अर्धगोल जोडून, आतली हवा काढून दोन्ही बाजूंना घोडे जुंपले होते, तो प्रसंग पुस्तकात चित्रासकट असतो. मुलांना तो हळदीच्या पोत्यांनी जास्त कळला. व्हॉल्व्ह उघडला, फुस्स् आवाज झाला आणि चौथीतल्या एका लहानग्यानं एका हातानं झाकण उचललं.

आता स्टिकरचं. आत खरंच किती हवा उरते, हे काट्याच्या गेजवर कळत नाही. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर त्याला दिसतच नाहीत. हिंगोलीतल्या एका एसी-फ्रीज मेकॅनिकला विचारलं, तो रविवारी आपला डिजिटल मायक्रॉन गेज घेऊन शाळेत आला. मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग. पंप लावला. आकडा हजारांतून शेकड्यात आला आणि ७८०वर स्थिरावला. तो म्हणाला, “मॅडम, एसीच्या लायनीत पाचशेच्या खाली गेल्याशिवाय आम्ही गॅस भरत नाही. आत ओल राहिली की कॉम्प्रेसर जातो. तुमचा पंप बरा आहे, पण प्लास्टिकचा डबा यापेक्षा खाली जाणार नाही, प्लास्टिकच वाफ सोडतं.” अ‍ॅक्रिलिक पाणी धरून ठेवतं आणि निर्वातात ते हळूहळू सोडत राहतं, हे त्याला रोजच्या कामानं माहीत होतं.

७८० मायक्रॉन म्हणजे जवळपास १ मिलिबार. आमच्याकडच्या ९५८ पैकी १. म्हणजे ९९.९ टक्के हवा बाहेर गेली. ऐकायला शंभरच वाटतं. पण उरलेल्या त्या एका मिलिबारात, दर घनसेंटिमीटरला, म्हणजे साधारण एका बोराएवढ्या जागेत, सुमारे २४० कोटी कोटी रेणू असतात. कोटी दोनदा लिहिलंय, छपाईची चूक नाही. मी तो आकडा फळ्यावर सगळी शून्यं घालून लिहिला आणि तासभर पुसू दिला नाही.

मला यात आपल्या भाषेचा फार आधार वाटतो. निर्वात म्हणजे जिथे वात नाही, वारा-हवा नाही. बस्स, तेवढंच. काहीच नाही असा त्याचा अर्थ नव्हेच. आणि अवकाश म्हणजे तर जागा, वाव. ‘अजून अवकाश आहे’ म्हणतो आपण. शब्द नीट आहेत, आपणच ‘निर्वात म्हणजे शून्य’ असं घोकून घेतो. या पंपाचं माझ्या दृष्टीनं खरं मोल हे की हवा काढून घेतल्यावर आत काय काय उरतं, ते तो मुलांना दाखवतो.

पहिला प्रयोग पाण्याचा. स्टीलच्या पेल्यात अंघोळीच्या पाण्याएवढं कोमट पाणी, ४० अंशांचं. पंप सुरू. दाब ७० मिलिबारच्या जवळ आला की पाणी उकळायला लागतं, खळखळून, चुलीवरच्यासारखं. मागच्या बाकावरची सगळी मुलं पुढे आली. व्हॉल्व्ह उघडून पेला त्यांच्या हातात दिला. गार! उकळलेलं पाणी गार. वाफ जाताना उष्णता घेऊन जाते, हे वाक्य त्या दिवशी कुणाला पाठ करावं लागलं नाही. अंतराळवीर दाबाचा सूट का घालतात, याचं अर्धं उत्तर त्या पेल्यात होतं.

पण इथेच पंपाची मोठी अडचण आहे आणि पुस्तिकेत तिच्याबद्दल एक ओळ नाही. पाण्याची वाफ पंपात जाते आणि तेलात मिसळते. तीन वर्गांना लागोपाठ हा प्रयोग दाखवला आणि चौथ्या दिवशी तेलाच्या खिडकीत पाहिलं, तर तेल ताकासारखं पांढरं. त्या दिवशी पंप ५० मिलिबारच्या खाली जाईना. मेकॅनिकनंच फोनवर सांगितलं: पंपाच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू आहे, त्याला गॅस बॅलास्ट म्हणतात, तो अर्धा फेरा उघडून पंप अर्धा तास मोकळा चालवा. तेल पुन्हा सोनेरी झालं. आता पाण्याच्या प्रयोगानंतर हे दर वेळी करते आणि तीन महिन्यांनी तेल बदलते. ज्या पंपावर हा स्क्रू नाही तो शाळेसाठी घेऊ नका.

दुसरा प्रयोग माझा सगळ्यात लाडका. जुना बटणांचा मोबाइल स्पंजच्या जाड तुकड्यावर ठेवून आत ठेवायचा. स्पंज हवाच, नाहीतर आवाज तळातून बाहेर येतो. थरथराट बंद, रिंग पूर्ण मोठी. चांगला फोन ठेवू नका, बॅटरी फुगू शकते. जुनाही दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. मग एका मुलीनं माझ्या फोनवरून त्या नंबरला रिंग दिली. झाकणातून रिंगटोन ऐकू येत होती. पंप सुरू केला तसा आवाज लांब जाऊ लागला, जसा कुणी फोन घेऊन बांधाबांधानं पलीकडे निघालंय. पुढे पंपाची घरघर तेवढी राहिली, म्हणून मी व्हॉल्व्ह मिटून पंपही बंद केला. शांतता. आणि आत फोनचा पडदा उजळलेला, नाव चमकतंय, रिंग वाजतेय.

साडेतीनशे वर्षांपूर्वी रॉबर्ट बॉइलनं घड्याळ टांगून हाच प्रयोग केला होता, टिकटिक ऐकू येईनाशी झाली. त्याच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून आमच्या वर्गात जो प्रश्न आला तो त्याच्यापुढे तसा उभा राहिला नाही. आठवीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आवाज बाहेर येत नाही, मग रिंग आत कशी गेली?”

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. सगळ्यांना विचार करू दिला. कुणी म्हणालं, उरलेल्या हवेतून. कुणी म्हणालं, प्लास्टिकमधून. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी परत आली: सूर्याचा प्रकाश तर एवढ्या पोकळीतून येतो, मग त्यालाही काहीतरी लागत असेलच ना, लाट आहे तर? एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे शास्त्रज्ञ नेमके याच जागी अडले होते. पाण्याची लाट पाण्यात, आवाजाची हवेत, तर प्रकाशाची लाट कशात? त्यांनी सगळं विश्व भरून राहिलेलं एक अतिसूक्ष्म द्रव्य मानलं आणि त्याला ईथर नाव दिलं. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले या दोघांनी पृथ्वी त्या ईथरातून धावताना लागणारा ‘वारा’ मोजायचा प्रयत्न केला. वारा लागलाच नाही. आणखी १८ वर्षांनी, १९०५ साली, आइन्स्टाइननं सांगितलं की असं द्रव्य मानायची गरजच नाही. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना जन्म देत पुढे सरकतात आणि त्यांना वाहून न्यायला कुणी लागत नाही. प्रकाश ही त्यांचीच लाट, आणि मोबाइलची रेंजही. म्हणजे हवा काढलेल्या आमच्या डब्यात ती क्षेत्रं आहेतच. पंपाला ती काढता येत नाहीत, कुठल्याच पंपाला येत नाहीत. मोबाइलची रिंग हा त्याचा पुरावा, समोर टेबलावर.

मायकेलसननं तो वारा मोजायला वापरलेल्या यंत्राचं नाव मी वर्गात घेतलं तेव्हा आमच्या मुलांना ते दुरूनच का होईना ओळखीचं होतं. त्याच घडणीचं, पण ४ किलोमीटर लांबीच्या बाहूंचं यंत्र आमच्याच तालुक्यात उभं राहायचंय. लायगो-इंडिया, गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं त्याला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. औंढ्याचं नाव आजवर देशभर ओळखलं गेलं ते नागनाथामुळे, ज्योतिर्लिंगामुळे. आता जगभरचे भौतिकशास्त्रज्ञही ते घेतात. घराघरांत लोक विचारतात की एवढ्या लांब नळ्यांत भरणार काय. उत्तर: काही भरायचं नाही, काढायचंय.

अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या लायगोत १.२ मीटर व्यासाच्या पोलादी नळ्या आहेत, प्रत्येक बाहू ४ किलोमीटरचा, आतली जागा सुमारे १०,००० घनमीटर. आमचा डबा चार मिनिटांत होतो. तिथे हवा काढायला ४० दिवस लागले. नळ्या महिनाभर दीडशे अंशांच्या वर तापवूनही ठेवल्या होत्या, कारण पोलादाच्या अंगातही पाणी आणि वायू दडलेले असतात. मेकॅनिकनं आमच्या प्लास्टिकबद्दल सांगितलं ते तिथल्या पोलादालाही लागू. शेवटी दाब उरला तो वातावरणाच्या दाबाचा लाख कोटीवा भाग. एवढं कशासाठी? आत लेझरचा किरण धावतो आणि त्यावरून आरशांमधलं अंतर मोजायचं असतं, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतक्या बारकाईनं. वाटेत हवेचे रेणू आले तर किरण विखुरतो आणि त्यांच्या टकरींनी आरसे हलतात.

१४ सप्टेंबर २०१५ला त्या यंत्रांनी जे पकडलं ते मी मुलांना सांगते तेव्हा माझा आवाज दर वेळी थोडा चढतो. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि त्यांच्या लाटा आपल्यापर्यंत आल्या. त्या लाटा पोकळीतून नुसत्या आल्या नाहीत. ती पोकळीच ताणत आणि आवळत आल्या. ज्याला आपण ‘काही नाही’ म्हणतो ते लवतं, ताणतं आणि पुन्हा पूर्ववत होतं. काहीच नसलेल्याला हे जमेल का?

थंडीबद्दल थोडक्यात. ‘अवकाश गार असतं’ असं सगळे सांगतात. थर्मामीटरच्या फुग्याला काळा कागद गुंडाळून मी तो डब्यात ठेवला आणि डबा उन्हात ठेवला. हवा असताना पारा ४६वर थांबला, हवा काढल्यावर ५३पर्यंत गेला. उष्णता किरणांनी आत येते, पण हवाच नसल्यानं वाहून जात नाही. शेतावर चहा नेतो त्या थर्मासच्या दोन भिंतींमध्येही हीच पोकळी असते. जेम्स ड्यूअरनं अशी बाटली १८९२ साली बनवली. त्यामुळे पोकळीत वस्तू चटकन गोठत नाही, उलट गरम वस्तूला गार होणं जड जातं, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला अंगची उष्णता बाहेर टाकायला मोठे पंखे नव्हे, मोठे पत्रे पसरावे लागतात.

मग खरं अवकाश किती रिकामं? डबा मध्ये ठेवून आम्ही आकडे लावत गेलो. आमच्या डब्यात घनसेंटिमीटरला २४० कोटी कोटी. अवकाश स्थानक फिरतं त्या ४०० किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या तेजानुसार कमीजास्त होत, दहा कोटींच्या आसपास. लायगोच्या नळ्या याच तोडीच्या. एवढ्याशा हवेनंही स्थानकाला ओढ बसते, ते खाली सरकत राहतं आणि त्याला अधूनमधून वर ढकलावं लागतं. पृथ्वी आणि सूर्याच्या मधल्या जागेत पाच-दहा कण, तेही सूर्यानंच उधळलेले. ताऱ्यांच्या मधे सरासरी एखादा. आणि दीर्घिकांच्या मधल्या अफाट जागेत घनसेंटिमीटर सोडा, घनमीटर घ्यावा लागतो, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची पाण्याची टाकी. अशा चार टाक्या धुंडाळल्या तर सरासरी एक अणू हाती लागेल.

इथे वर्ग गप्प झाला होता. मी म्हटलं, थांबा, टाकी रिकामी नाही. त्या एका टाकीत विश्वाच्या सुरुवातीच्या उजेडाचे सुमारे ४१ कोटी प्रकाशकण आहेत. १९६४-६५मध्ये अमेरिकेतल्या पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनात जी खरखर जाईना, ती हीच. ताणून ताणून तो उजेड आता इतका क्षीण झालाय की त्याचं तापमान शून्याखाली २७० अंश भरतं. अणू पाव आणि प्रकाशकण ४१ कोटी! न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण वेगळेच. हे सगळंही कुणी काढून घेतलं असं धरलं तरी पोकळी निवांत बसत नाही. हेन्ड्रिक काझिमिरनं १९४८ साली गणित मांडलं की धातूच्या दोन पट्ट्या पोकळीत अगदी जवळ आणल्या, तर पोकळीतल्या क्षेत्रांच्या न थांबणाऱ्या चळवळीमुळे त्या एकमेकींकडे ढकलल्या जातील. १९९७मध्ये स्टीव्ह लॅमोरोनं ते नीट मोजून दाखवलं. फट मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतकी बारीक केली तर गणितानं तो दाब वातावरणाच्या दाबाएवढा येतो. झाकणावरची हळदीची पोती आठवा.

शेवटचा आकडा दहावीच्या मुलांनीच काढला. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८मध्ये कळलं आणि पोकळीलाच अंगची ऊर्जा असावी, असा त्याचा एक अर्थ लावतात. पृथ्वीएवढ्या पोकळीत ती भरते दीड-पावणेदोन लाख युनिट. आमच्या गावाचं काही महिन्यांचं लाइटबिल. पण अतिसूक्ष्म कणांच्या क्वांटम सिद्धांताच्या सरळ गणितानं ही ऊर्जा मोजायला जावं, तर उत्तर १ वर १२० शून्यांइतक्या पटीनं जास्त येतं आणि ते का चुकतं हे अजून कुणालाही सुटलेलं नाही. “मग आम्ही सोडवू,” असं एक मुलगा म्हणाला. मी त्याचं वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

आता घेणाऱ्यांसाठी उरलेलं. आमचा संच आला तेव्हा गेजच्या आट्यांतून गळत होता; पंप बंद केला की दहा मिनिटांत काटा परत. विक्रेत्याला तीन वेळा फोन केला, दोन व्हिडिओ पाठवले, ‘बघतो’ यापलीकडे काही झालं नाही. शेवटी १० रुपयांच्या टेफ्लॉन टेपचे सहा वेढे दिले आणि गळती थांबली. आता रात्रभरात काटा जेमतेम हलतो. रिंगवर धुळीचा एक कण बसला तरी झाकण धरत नाही, म्हणून आधी ओल्या सुती फडक्यानं पुसायचं, स्पिरिट मुळीच लावायचं नाही, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. असे तडे दिसले तर डबा त्या दिवसापासून बाद. तीनशे किलोचा भार चेष्टा नाही, आणि मुलांना मी नेहमी हातभर अंतरावर, चष्मा लावूनच उभं करते. एक रिंग जादा मागवून ठेवा. काट्याच्या गेजऐवजी विक्रेत्यानं डिजिटल मायक्रॉन गेज दिला असता, तर मी दोन हजार रुपये जास्त आनंदानं मोजले असते. पंपाला, डब्याच्या मजबुतीला माझे पूर्ण गुण. पुस्तिकेला आणि विक्रीनंतरच्या सेवेला गुण देण्यासारखं काही नाही.

लाल स्टिकर मी गरम पाण्यानं भिजवून काढलं. त्या जागी ‘रिंग आत कशी गेली’ विचारणाऱ्या मुलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी पारदर्शक टेपनं चिकटवली आहे: ‘हवा बाहेर: ९९.९ टक्के. आत उरलेलं: दर घनसेंटिमीटरला २४० कोटी कोटी रेणू, ऊन, गुरुत्वाकर्षण आणि मोबाइलची रेंज.’